एडासवाली गाडी चालवताना जबाबदारी कोणाची? (जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांनी जरूर लिहा)

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, दिवाळीला गावी सगळे जमले आणि परत तोच विषय निघाला म्हणून आता लिहूनच टाकतो. आपल्या भागात एडासवाल्या, म्हणजे ब्रेक, वेग, स्टिअरिंगला सॉफ्टवेअरची मदत असणाऱ्या गाड्या खूप वाढल्यात. २०२० ला ग्लॉस्टर आली, २०२१ ला एक्सयूव्ही ७००, मग व्हर्ना, सेल्टॉस, हॅरियर असं करत करत आता चाळीसगाव, पारोळा, चोपडा अशा तालुक्याच्या गावातही दारात उभ्या दिसतात. गाड्या चांगल्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. मला काळजी वाटते ती लोक ज्या पद्धतीने बोलतात त्याची. "गाडी आपोआप चालते" असं सरळ सांगतात.

माझा चुलत भाऊ सुरतला असतो. रात्री दुकान वाढवून निघतो, नवापूर-कोंडाईबारी-साक्री-धुळे करत पहाटे गावात. तो सगळ्यांना सांगत होता की क्रूझ (वेग आणि पुढच्या गाडीशी अंतर गाडीच सांभाळते ते) लावलं की पाय मोकळे, स्टिअरिंगला एक बोट लावून ठेवायचं म्हणजे गाडी ओरडत नाही, बाकी मी मेसेज वाचत येतो. मागे वहिनी आणि दोन लेकरं बसलेली असतात हो. आणि हे ऐकायला गल्लीतली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं गोळा झालेली, त्यांच्या डोळ्यात काय कौतुक. मी तिथेच बोललो, तर म्हणे "दादा तुम्हाला टेक्नॉलॉजी माहीत नाही".

तर माझं म्हणणं असं आहे की गाडीत काहीही सॉफ्टवेअर असो, स्टिअरिंगसमोर बसलेला माणूसच ड्रायव्हर आहे आणि जबाबदारी पूर्ण त्याचीच आहे. पण मला फक्त माझं मत रेटायचं नाहीये. जाणकारांनी सांगा की हे तंत्र नेमकं कुठे चुकतं, कायदा काय म्हणतो, आणि आपल्या रस्त्यांवर काय चालू ठेवावं आणि काय बंद. नीट सविस्तर लिहा, मी हा धागा घरच्या ग्रुपवर टाकणार आहे.

केळीपट्टा:
बराबर विषय काढला भाऊ. आमच्याकडे रावेर-सावद्याला रात्री केळीच्या गाड्या भरतात, रस्त्याच्या कडेला ट्रक लागलेले, अर्धे डांबरावर अर्धे साईडपट्टीवर. मागचा लाईट धुळीने झाकलेला. त्यात कोणी मोबाईल बघत आलं तर काय होणार ते सांगायला नको.

नवीगाडी२५:
मी दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे लेव्हल २ वाली गाडी आहे आणि मला ती मनापासून आवडते. जळगावहून पुण्याला जाताना चार-पाच तासांनंतर माणूस थकतोच, तेव्हा लेन असिस्ट (गाडीला पट्ट्यांच्या आत ठेवणारं) आणि अडॅप्टिव्ह क्रूझने खरंच फरक पडतो. पुढची गाडी एकदम थांबली आणि आपलं लक्ष क्षणभर हटलं तर गाडी स्वतः ब्रेक मारते. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, सरकारी आकडा आहे, त्यातल्या किती गाड्यांना एडास होतं? जवळपास कुणालाच नाही. माणसंच मारतायत माणसांना. मग मशिनला नावं का ठेवायची? मेसेज वाचणं चूक आहे, मान्य, पण त्यासाठी सगळं तंत्रच वाईट ठरवू नका एवढंच म्हणणं आहे.

गिरणाकाठ:
@नवीगाडी२५ तंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाहीये भाऊ. आपोआप ब्रेक लागणं ही फार मोठी गोष्ट आहे, मला स्वतःला पुढच्या गाडीत ते हवंच आहे. माझा मुद्दा आहे की ते आहे म्हणून माणूस ढिला पडतो.

सेन्सरवाला:
मी अमळनेरचा, सध्या पुण्यात गाड्यांच्या टेस्टिंगमध्येच काम करतो, त्यामुळे जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आधी लेव्हल म्हणजे काय ते. गाडी स्वतः किती काम करते याचे शून्य ते पाच असे सहा टप्पे ठरलेले आहेत. लेव्हल २ म्हणजे गाडी एकाच वेळी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळू शकते, पण रस्त्यावर लक्ष ठेवायचं काम ड्रायव्हरचंच, एक सेकंदही सुट्टी नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ज्या गाड्यांवर एडास म्हणून जाहिरात असते त्या फार तर इथपर्यंत येतात. लेव्हल ३ मध्ये ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः लक्ष ठेवते. मर्सिडीजने २०२२ मध्ये जर्मनीत असं सिस्टम सुरू केलं, पण ते फक्त मोटरवेवर, ट्रॅफिक जॅममध्ये आणि ताशी ६० च्या आत. एवढ्या मोठ्या कंपनीने एवढ्या अटी घालून सुरुवात केली यावरून समजून घ्या की काम किती अवघड आहे. आणि आपण लेव्हल २ घेऊन रात्री कोंडाईबारीचा घाट उतरतोय.

आता नीट लक्ष द्या, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो. एडासमध्ये दोन वेगळ्या जातीची फिचर्स आहेत. एक, धडकेचा इशारा, आपोआप ब्रेक, लेन सोडल्याचा इशारा, ब्लाइंड स्पॉट (आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाडीचा इशारा). यात गाडी तुम्ही चालवता आणि सॉफ्टवेअर तुमच्यावर लक्ष ठेवतं. दोन, अडॅप्टिव्ह क्रूझ आणि लेन सेंटरिंग (गाडी पट्ट्यांच्या मधोमध ठेवणं). यात गाडी सॉफ्टवेअर चालवतं आणि तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवायचं. पहिल्या प्रकारात माणसाची चूक मशिन पकडतं, मशिन थकत नाही, त्यामुळे फायदाच होतो. दुसऱ्या प्रकारात मशिनची चूक माणसाने पकडायची, आणि काहीही घडत नसताना नुसतं बघत बसायचं काम माणसाला जमत नाही. नवीगाडी भाऊ ज्या आपोआप ब्रेकचं कौतुक करतोय तो पहिल्या प्रकारातला आहे आणि त्याचं अगदी बरोबर आहे. गिरणाकाठ दादांचा चुलत भाऊ दुसऱ्या प्रकारावर विसंबून आहे. दोघं एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडतायत.

आता चुकतं कुठे. पुढच्या काचेमागे आरशाजवळ कॅमेरा असतो आणि बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरमागे किंवा लोगोमागे रडार. रडारला हलणारी वस्तू छान कळते. पण थांबलेल्या वस्तू रस्त्यावर ढीगभर असतात, पाटी, कठडा, पुलाचा खांब, त्या सगळ्यांना ब्रेक मारत बसली तर गाडी चालवताच येणार नाही, म्हणून जास्त वेगात सॉफ्टवेअर बऱ्याच थांबलेल्या गोष्टी गाळून टाकतं. म्हणजे केळीपट्टा भाऊ म्हणतायत तो कडेला उभा ट्रक. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढा, उभं वाहन, आडवं जाणारं वाहन, दुचाकी, जनावर ओळखलं जाईलच असं नाही असं त्यात स्वच्छ लिहिलेलं सापडेल.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर त्याला हजारो फोटो दाखवून शिकवलेलं असतं की ही कार, हा ट्रक, हा माणूस. आता कपाशीची ट्रॉली डोळ्यासमोर आणा. दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलेला कापूस, वरून जाळी नाहीतर ताडपत्री, टेललाईट असली तरी कापसाखाली दडलेली, खाली चाकं दिसली तर दिसली, आणि वेग ताशी पंधरा-वीस. संध्याकाळच्या उजेडात तो एक फिकट पांढरा ढीग दिसतो, ट्रकसारखा नाही की कारसारखा नाही. माणसाला लगेच कळतं कारण आपण लहानपणापासून बघतोय. कॅमेऱ्याला कळेलच याची खात्री मी तरी देणार नाही.

ट्रकवाले_अण्णा:
सेन्सरवाला भाऊनी चांगलं समजावलं. मी तीस वर्षे मुंबई-आग्रा रोडला गाडी चालवली, आता पोरगा चालवतो. एक गोष्ट आमच्या बाजूने सांगतो. या नवीन गाड्या पुढच्याशी अंतर ठेवतात, चांगलं आहे, पण आपल्याकडे अंतर दिसलं की मोटरसायकलवाला नाहीतर पिकअपवाला मधे घुसतोच. तो घुसला की गाडी एकदम ब्रेक मारते, मागे आमचा पंचवीस-तीस टन माल. आम्हाला पुढे काय झालं दिसत नाही, कारमधला माणूस साधा आरशात बघत नाही कारण त्याने ब्रेक मारलेलाच नसतो. पळासनेरला जुलै २०२३ मध्ये काय झालं सगळ्यांना माहीत आहे, कंटेनरचे ब्रेक फेल झाले आणि पुढच्या गाड्या, हॉटेल सगळं घेत गेला, दहापेक्षा जास्त लोक गेले असतील. उतारावर भरलेली गाडी मनात आलं म्हणून थांबत नाही. बिजासनचा घाट उतरताना तरी ते क्रूझ बंद ठेवा ही हात जोडून विनंती. आणि आरशात बघत जा, ब्रेक गाडीने मारो की तुम्ही.

पोराला मी एकच सांगतो, गाडी तू चालाडस ना, मंग नजर रस्तावर ठेव.

नवीगाडी२५:
अण्णा, हा मागच्या गाडीचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. मी क्रूझचं अंतर सगळ्यात जास्तवर ठेवतो, मला वाटायचं तेच सेफ.

सेन्सरवाला:
@नवीगाडी२५ अंतर जास्तच ठेवायचं, ते बरोबरच आहे. पण कोणी मधे घुसतोय असं दिसलं की गाडीची वाट न बघता तुम्ही आधीच हळूच वेग कमी करायचा, म्हणजे एकदम धक्का बसत नाही आणि मागच्यालाही वेळ मिळतो. हे करायला रस्ता बघत असायला लागतं.

डॉ_तापी:
नंदुरबारहून लिहितेय. अपघाताचे पेशंट रात्री-बेरात्री बघते त्यामुळे विषय जवळचा आहे. वर सेन्सरवाला म्हणाले की नुसतं बघत बसायचं काम माणसाला जमत नाही, याला जुना आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानदलातले रडारवर बसणारे लोक काही वेळाने ठिपके चुकवायला लागायचे, म्हणून मॅकवर्थ नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने घड्याळासारखी एक चाचणी केली, काटा सारखा एकेक घर पुढे जातो आणि क्वचित दोन घरं उडी मारतो, ती उडी पकडायची. १९४८ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांची पकड स्पष्टपणे घसरलेली होती. हे निवडलेले, शिकवलेले सैनिक होते आणि डोक्यावर युद्ध होतं. मग धुळे-जळगाव सरळ रस्त्यावर, एसी लावून, गाणी लावून, पोटभर जेवून निघालेल्या माणसाचं काय होत असेल?

आणि झोपेचं वेगळंच. स्वतः चालवताना हात-पाय हलत असतात, त्यामुळे निदान पेंग येतेय हे कळतं. क्रूझ आणि लेन सेंटरिंग दोन्ही लावून बसलं की शरीराला कामच उरत नाही, डोळे उघडे असतात पण मेंदू रस्त्यावर नसतो. "थकलोय म्हणून एडास लावलं" हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. थकला असाल तर थांबा. ढाब्यावर अर्धा तास आडवे व्हा, घरच्यांना फोन करून सांगा की उशीर होईल. घरच्या बायकांनाही सांगते, शेजारी बसून तुम्ही झोपू नका आणि तो मोबाईल हातात घेत असेल तर सरळ काढून घ्या, भांडण झालं तर होऊ द्या.

गिरणाकाठ:
ताई शेवटचं वाक्य वहिनीला वेगळं पाठवतो.

सेन्सरवाला:
डॉक्टरताईंच्या मुद्द्याला जोडून साधा हिशोब. ताशी १०० ने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. मेसेज वाचायला तीन सेकंद धरले तरी ८० मीटरच्या वर तुम्ही न बघता गेलात. गाडीने "हात ठेवा" म्हणून आवाज दिला, मग तुम्ही मान वर केली, समोर काय आहे ते समजून घेतलं, मग पाय ब्रेककडे गेला, यात आणखी दोन-तीन सेकंद सहज जातात.

परदेशातली उदाहरणं बघा, तिथले रस्ते आपल्यापेक्षा कितीतरी शिस्तीचे. २०१६ मध्ये फ्लोरिडात टेस्ला ऑटोपायलटवर (त्यांचं क्रूझ आणि लेन सेंटरिंगचं सिस्टम) होती, समोरून ट्रेलर आडवा वळला, ना गाडीने ब्रेक मारला ना ड्रायव्हरने. तपासात निघालं की ऑटोपायलट चालू असलेल्या ३७ मिनिटांत स्टिअरिंगवर हात जाणवले ते सगळे मिळून २५ सेकंद. २०१८ मध्ये ॲरिझोनात उबरच्या टेस्टिंगच्या गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. सॉफ्टवेअरला ती बराच आधी दिसली होती, पण ही गाडी आहे, सायकल आहे की आणखी काही हेच ठरेना, आणि लक्ष ठेवायला बसवलेली ड्रायव्हर मोबाईलवर कार्यक्रम बघत होती. सायकल ढकलत रस्ता ओलांडणारा माणूस आपल्याकडे दर किलोमीटरला आहे हो. मग डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत २० लाखांवर टेस्लांचा रिकॉल झाला, कारण काय तर ड्रायव्हरचं लक्ष आहे की नाही हे तपासायची सोय अपुरी.

धुळेकर_वकील:
कायद्याचं मी सांगतो. सल्ला म्हणून घेऊ नका, माहिती म्हणून घ्या.

मोटार वाहन कायद्यात गाडी आपोआप चालते म्हणून ड्रायव्हरला सूट देणारं एकही कलम नाही. कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात हातात मोबाईल वापरणं, सिग्नल तोडणं, उलट दिशेने येणं हे स्पष्ट घातलंय, आणि शिवाय सक्षम व काळजी घेणाऱ्या ड्रायव्हरकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली जाऊन गाडी चालवणं हेही त्यात येतं. स्टिअरिंग सोडून मागच्या सीटकडे वळून रील काढणं याच्यातच बसतं. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही.

माणूस गेला तर मग भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू. कलम १०६(१), निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या ३०४अ मध्ये दोन वर्षं होती, ते वाढलंय हे बऱ्याच लोकांना अजून माहीत नाही. कोर्टात "साहेब, गाडी चालवत होती" हा बचाव घेतला तर सरकारी वकील मॅन्युअलचं पान समोर ठेवेल ज्यात लिहिलंय की लक्ष ठेवणं ड्रायव्हरचं काम. म्हणजे बचाव म्हणून जे सांगाल तेच तुमच्या विरुद्ध पुरावा होणार, की हा माणूस बघत नव्हता हे त्याने स्वतःच कबूल केलं.

पण मूळ धाग्यात जबाबदारी पूर्ण ड्रायव्हरचीच असं लिहिलंय, तिथे मी थोडा वेगळा आहे. ड्रायव्हर सुटत नाही हे खरं, पण म्हणून विकणारा आपोआप सुटतो असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. वस्तू नीट कशी वापरायची याच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा दिला नाही तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या ११०अ कलमाने केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलावायला लावू शकतं. आणि फ्लोरिडाचाच दुसरा खटला बघा. २०१९ चा अपघात. ड्रायव्हरचा फोन खाली पडला, तो शोधायला वाकला, ऑटोपायलट लावलेली गाडी कडेला उभ्या गाडीवर गेली आणि तिच्याजवळ उभी असलेली बावीस वर्षांची मुलगी गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्यूरीने टेस्ला कंपनीला ३३ टक्के जबाबदार धरलं आणि कंपनीच्या वाट्याला २४ कोटी डॉलरच्या वर भरपाई लावली. उरलेला मोठा वाटा ड्रायव्हरचाच. ॲरिझोनाच्या प्रकरणात मात्र कंपनीवर फौजदारी खटला झालाच नाही, ड्रायव्हरने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची देखरेखीखालची प्रोबेशन मिळाली.

गिरणाकाठ:
वकीलसाहेब, हे मान्य. कंपनीने जबाबदारी घ्यावी यासाठी ग्राहकांनी भांडलंच पाहिजे. पण घरात पोरांना सांगताना मी "पूर्ण तुझीच" असंच सांगणार, कारण ३३ टक्के कंपनीचे म्हणून गेलेला माणूस परत येत नाही.

केळीपट्टा:
👆 हे खरं.

भुसावळ_गॅरेज:
मी भुसावळला गॅरेज चालवतो. एक फार महत्त्वाची गोष्ट अजून कोणीच बोललं नाही. डंपरखालून खडी उडते, काच फुटते, माणूस जवळच्या दुकानात जाऊन स्वस्तात काच बसवून येतो. कॅमेरा त्या काचेमागे असतो. काच बदलली, कॅमेरा काढून परत लावला की कॅलिब्रेशन (त्याचा कोन परत अचूक जुळवणं) करावंच लागतं, त्याला सपाट जागा, समोर ठरावीक अंतरावर लावायचा बोर्ड आणि स्कॅनर लागतो. कोन अगदी थोडा हलला तरी शंभर मीटरवर कॅमेरा भलत्याच जागी बघतो. कधी डॅशबोर्डवर लाईट लागतो, कधी लागतही नाही आणि मालकाला वाटतं सगळं चालू आहे. बंपरचंही तसंच. मागच्या महिन्यात एक गाडी आली, बंपरला बाहेरून लांबी (पुट्टी) आणि रंग मारून आणलेला, आत रडारची पट्टी वाकलेली तशीच. मालक म्हणे क्रूझ कधी कधी उगाच ब्रेक मारतं. मारणारच ना.

आणि दसऱ्याला पूजा झाली की झेंडूचा हार लोगोवरून सोडतात, लिंबू-मिरची नेमकी बंपरच्या मधोमध बांधतात, काचेवर वरच्या बाजूला गावाचं किंवा देवाचं नाव चिकटवतात. पूजा करा, मीही करतो. पण निघायच्या आधी हार काढून आत डॅशबोर्डवर ठेवा, लिंबू-मिरची नंबर प्लेटच्या कडेला बांधा, आरशाच्या पट्ट्यात स्टिकर नको. बुलगार्ड तर बेकायदाही आहे आणि रडारच्या पुढे लोखंडही. उन्हाळ्यात आपल्याकडे धूळ किती बसते, वॉशिंगच्या पोराला सांगून कॅमेऱ्यासमोरची काच आणि लोगो रोज ओल्या फडक्याने पुसून घ्या.

नवीगाडी२५:
@भुसावळ_गॅरेज भाऊ गेल्या पावसाळ्यात काच बदललेली आहे. कॅलिब्रेशनचं कोणी काही बोललं नव्हतं. आता सर्व्हिस सेंटरला अपॉइंटमेंट घेतो.

डॉ_तापी:
गाडी देताना शोरूममध्ये हे का सांगत नाहीत? आमच्या घरी गाडी आली तेव्हा सनरूफ कसं उघडतं, गाणी कशी लावायची, मोबाईल कसा जोडायचा हे सगळं दाखवलं. एडासबद्दल काय सांगितलं तर "मॅडम यात सगळं आहे, टेन्शनच नाही". हार घालून फोटो काढला, केक कापला, झालं. एक पान मराठीत छापून द्या ना, की ही गाडी काय ओळखत नाही.

धुळेकर_वकील:
ताई, तुम्ही मागा. लेखी मागा. डिलिव्हरीच्या वेळी "एडासच्या मर्यादा मला समजावून सांगा आणि तसं डिलिव्हरीच्या कागदावर लिहा" एवढं जरी लोक म्हणायला लागले तरी शोरूमवाले शिकून घेतील. उद्या वाद झाला तर तो कागद दोन्हीकडून उपयोगी.

सेन्सरवाला:
गिरणाकाठ दादांनी विचारलं होतं की काय चालू आणि काय बंद. मी स्वतः गावी येतो तेव्हा काय करतो ते सांगतो. धडकेचा इशारा आणि आपोआप ब्रेक कायम चालू, कधीच बंद करत नाही. बरेच जण पी-पी आवाज येतो म्हणून तेच आधी बंद करतात आणि क्रूझ मात्र ठेवतात, हे अगदी उलटं आहे. ब्लाइंड स्पॉट चालू. लेन कीप हायवे सुटला की बंद, कारण अमळनेर-चोपड्यासारख्या रस्त्यावर पट्टेच नसतात, असले तर अर्धे पुसलेले, आणि डांबराच्या पॅचची कड त्याला पट्टा वाटते. शिवाय सायकलवाल्याला टाळायला इंडिकेटर न देता थोडं उजवीकडे घेतलं की स्टिअरिंग परत डावीकडे ओढतं, हाताला ते चांगलंच जाणवतं. ज्याला माहीत नाही तो दचकतो. हात घट्ट ठेवून वळवलं की ते सोडतं, पण खरी सवय म्हणजे इंडिकेटर द्यायची.

अडॅप्टिव्ह क्रूझ मी फक्त दिवसा, चार पदरी मोकळ्या रस्त्यावर वापरतो, पाय ब्रेकजवळ ठेवून. घाटात नाही, पावसात नाही, डायव्हर्जनचं काम चालू असेल तिथे नाही, आणि गावाजवळच्या डिव्हायडरच्या कटपाशी तर अजिबात नाही, तिथून राँग साईडने कोण येईल सांगता येत नाही. आणखी एक, आपला धुळे-जळगाव रस्ता पूर्व-पश्चिम आहे. सकाळी जळगावकडे येताना आणि संध्याकाळी धुळ्याकडे जाताना सूर्य समोर असतो. आपण डोळ्यावर हात धरतो तेव्हा कॅमेऱ्यालाही तेच झालेलं असतं, त्याला हात नाही एवढंच. त्या वेळेत सगळं स्वतः चालवा.

स्टिअरिंगला पाण्याची बाटली नाहीतर वजन अडकवून गाडीला फसवायचे व्हिडिओ फिरतात, ते कुणाच्या फोनवर दिसले तर तिथेच समजावून सांगा. हात आहेत की नाही हे तपासायची सोय तेवढी एकच असते बऱ्याच गाड्यांत.

ट्रकवाले_अण्णा:
भाऊ हे सगळं कारवाल्यांनी केलं तरी ट्रॉलीवाल्याचं काय? तो तर बिनालाईटचाच राहणार.

केळीपट्टा:
अण्णा, त्याचं आपणच करावं लागेल, आपल्याच ट्रॉल्या आहेत. कपाशीचा सीझन चालू आहे, जिनिंगच्या बाहेर रात्रभर ट्रॉल्यांची रांग असते. लाल-पांढरी रिफ्लेक्टर पट्टी काही महाग नाही. पण फळीवर लावली तर कापसाखाली जाते, म्हणून मागच्या बाजूला जाळीच्या वरून एक पट्टा सोडून त्यावर लावायची, म्हणजे माल कितीही फुगला तरी दिसते. मी माझ्या दोन्ही ट्रॉल्यांना तसंच केलंय. गावातल्या पोरांना घेऊन या आठवड्यात रांगेतल्या ट्रॉल्यांना लावायला निघतोय, रावेर-यावल भागातलं कोणी येत असेल तर मेसेज करा.

भुसावळ_गॅरेज:
मी येतो. रिफ्लेक्टर टेपचे रोल आणि ट्रॉलीच्या लाईटचे वायरिंग-होल्डर माझ्याकडून. किती ट्रॉल्या असतील अंदाजे ते सांगा फक्त.

गिरणाकाठ:
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील वाटलं नव्हतं. धागा घरच्या ग्रुपवर टाकला. चुलत भावाने सगळं वाचलं, म्हणाला मॅन्युअल अजून प्लास्टिकमध्येच आहे, रविवारी आल्यावर आपण दोघं बसून वाचू. वकीलसाहेब, त्याचा एक प्रश्न आहे. गाडी त्याच्या नावावर, पण कधी कधी मेहुणा चालवतो. मेहुण्याच्या हातून काही झालं तर?

धुळेकर_वकील:
फौजदारी गुन्हा चालवणाऱ्यावर. भरपाईच्या दाव्यात मालक, ड्रायव्हर आणि विमा कंपनी तिघेही पक्षकार होतात. म्हणून गाडी देण्याआधी लायसन्स चालू आहे का, विमा चालू आहे का ते बघा, आणि मेहुण्याला शेजारी बसवून एडास काय करतं आणि काय करत नाही हे चाव्या देण्याआधीच दाखवा. लायसन्सच नसलेल्याला मालकाने गाडी दिली तर कलम ५ आणि १८० खाली मालकावर वेगळी केस होते, गल्लीतल्या त्या अठरा-एकोणीसच्या पोरांच्या बापांनाही हे सांगून ठेवा.